तंबूंची दुसरी शिलाई

ता. १४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. तू बरा असशीलच. तुझं काही वाईट झाल्याचं आजवर कानावर आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी कान देऊन बसले होते.

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून दचकला असशील. पाकीट उलटंसुलटं करून बघू नकोस, वकिलाची नोटीस नाही. बाबांच्या तंबूंच्या कारखान्यातला वाटा मला नको, तो विषय तू माझी सही घेऊन कधीच मिटवलास. बाबांबद्दलही काही लिहायचं नाही असं ठरवलंय. कामापुरतंच लिहिते.

सीमेपलीकडून जी माणसं जीव मुठीत धरून आली आहेत, त्यांना सामान पोचवणाऱ्या संस्थेत मी सुट्टीच्या दिवशी जाते. एका बंद पडलेल्या चपलांच्या कारखान्यात आमचं गोदाम आहे. आत अजून रबराचा वास येतो. पगार नाही, चहा मिळतो, तोही पाणचट. ट्रक आला की माल उतरवायचा, तपासायचा आणि कुठल्या छावणीला काय हवंय ते बघून पुन्हा भरायचा. जे आधी उतरणार ते शेवटी चढवायचं, नाहीतर औषधाच्या एका खोक्यासाठी अख्खा ट्रक उपसावा लागतो. आमच्या प्रमुख बाई गळ्यात शिट्टी अडकवून फिरतात, म्हणून त्या शिट्टीबाई. त्यांनी मला तपासणीवर बसवलंय. लोक दान म्हणून काय काय पाठवतात! परवा एका खोक्यात नुसते डाव्या पायाचे बूट निघाले. शिट्टीबाई म्हणाल्या, "दात्याचा जीव उजव्यांत अडकला असेल."

आणि गेल्या आठवड्यात तुझे तंबू आले.

मागोमाग तू स्वतः आलास, कडक इस्त्रीच्या शर्टात. मी दारातच उभी होते, डोक्यावर हेल्मेट आणि तोंडाला धुळीसाठी बांधलेला मास्क. तू तुझा फोन माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, "बाई, ट्रकसकट घ्या हं. कारखान्याचं नाव दिसलं पाहिजे." मी फोटो काढला. नाव दिसेल असाच काढला. सख्ख्या बहिणीकडे बघून तू हसलास आणि तुला ओळख पटली नाही. मला राग आला का? आला. पण त्याहून जास्त आनंद झाला, कारण तू निघून गेलास तरी तुझा माल माझ्या ताब्यात राहणार होता.

हे तंबू पसंत पडले तर सगळ्या छावण्यांचं काम तुलाच मिळणार, असं शिट्टीबाई म्हणाल्या. ते ऐकून मी बाह्या सरसावल्या.

बाबांची तपासायची रीत तुला आठवते का? (हे बाबांबद्दल नाही, शिलाईबद्दल आहे.) छत चार खांबांना झोळीसारखं बांधायचं, त्यात पाणी ओतायचं, निवांत चहा प्यायचा आणि मग खालून शिवणीवर तळहात फिरवायचा. हात कोरडा राहिला तरच माल बाहेर जायचा. मी तुझं छत तसंच बांधलं. चहा संपायच्या आत माझी बाही कोपरापर्यंत भिजली. दादा, तू शिवणीला दुमडच घातलेली नाहीस! एकेरी शिलाई, तीही जाड सुईनं आणि बिनमेणाच्या दोऱ्यानं. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी ठिबकत होतं. दोऱ्याला मेण लावायला वेळ लागतो म्हणून तू बाबांसमोरही कुरकुरायचास. आता कुरकुरायचीही गरज उरली नाही. कापड मात्र चांगलं आहे, तेवढं कबूल करते.

दुसरा तंबू बांधला, तिसरा बांधला. सगळे तसेच. खोटं कशाला बोलू, मला इतकं बरं वाटलं की मी तो पाणचट चहा आणखी एक कप घेतला. मग ट्रकवाल्याला सांगितलं, गाडी काढ, सगळा माल परत जातोय.

शिट्टीबाई आल्या. छताखाली हात फिरवून बघितला, ओढणीला पुसला आणि म्हणाल्या, "परत पाठव, माझी ना नाही. पण बस स्थानकावर उघड्यात राहिलेल्या लोकांना काय देऊ? दुसरे तंबू महिनाभर येत नाहीत."

त्या स्थानकावर मी सकाळीच दुधाची पावडर देऊन आले होते. तिथं एका बाईनं दोन बाकांच्या मधे शाल बांधून तिच्या तान्ह्या लेकीसाठी आडोसा केलाय. वारा आला की ती शालीचं टोक दातात धरते. तुझं नाक कापायचं तर तिला महिनाभर तशीच ठेवावी लागणार होती. ते माझ्याच्यानं झालं नाही.

म्हणून मी म्हटलं, "कापड चांगलं आहे. उसवून, दुमड घालून दुहेरी शिलाई मारली की टिकतील."

"मारणार कोण?"

"मालक. स्वतः. मशीन घेऊन येतील, सेवा म्हणून."

"ते असं म्हणाले?"

"त्यांचा स्वभावच तसा आहे."

"तुला गं काय माहीत त्यांचा स्वभाव?"

"लहानपणापासून ओळखते मी त्यांना."

शिट्टीबाईंनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. आणि लगेच एका वार्ताहराला फोन केला. आजच्या पेपरात बातमी आहे, मालक स्वतः मशीनवर बसणार. वर मी काढलेला आणि तू सगळीकडे पाठवलेला तुझा फोटो. अभिनंदनाचे फोन आले असतील एव्हाना. आता नाही म्हणून बघ.

बाबांनी आपल्या दोघांना एकाच मशीनवर शिकवलं होतं. तू ऑफिसात खुर्ची टाकलीस आणि शिवणं बायकांवर सोपवलंस. हात विसरला असशील तर मी शिकवीन. शिलाई वाकडी गेली तर उसवायला लावीन, गोदामातल्या सगळ्यांच्या देखत. आणि प्रत्येक छतात पाणी ओतल्यावर त्याच्या खाली तू उभं राहायचंस.

इथंच पत्र संपवणार होते. पण जिंकल्याचा आनंद कुणाला तरी सांगावासा वाटला म्हणून मघाशी वहिनीला फोन केला. वाटलं होतं, ती तुझी बाजू घेईल आणि मग दोन शब्द सुनवायला मिळतील. ती रडायलाच लागली. तिच्यावर ओरडू नकोस, तिनं हे फार दिवस पोटात ठेवलं होतं.

बाबा शेवटी रोज माझं नाव घेत होते म्हणे. "धाकटीला बोलाव." आणि तू त्यांच्या उशाशी बसून म्हणालास, "निरोप दिला, बाबा. ती येत नाही म्हणाली." त्यानंतर त्यांनी विचारायचं सोडलं.

मला निरोप मिळाला नव्हता, दादा. बाबा गेल्याचं मला आपल्या जुन्या वॉचमननं सांगितलं, भाजीच्या दुकानात. मी आले असते तर वाट्याची गोष्ट निघाली असती, एवढंच ना? मी वाटा सोडून दिला असता रे. तेव्हाच सोडला असता. इतकी वर्षं मी त्यांच्यावर रुसून होते की एकदाही बोलावलं नाही. आणि ते माझ्यावर रुसून गेले.

सोमवारी सकाळी ये, मी रजा टाकली आहे. तुझ्या मशीनला माझ्या मशीनसमोर जागा केली आहे. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की तू बाबांना जे म्हणालास ते मला म्हणून दाखवायचं. त्याच शब्दांत, त्याच आवाजात. माफी मागू नकोस, मी देणार नाही. तू नाही आलास तर चार खांब आणि बादली तयार आहे, आणि तो वार्ताहर पुन्हा यायला एका पायावर तयार आहे.

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. आमचा ट्रकवाला तुझ्या हातात देईल आणि मिळाल्याची तुझी सही घेऊन येईल. घेणाऱ्याची सही आल्याशिवाय सामान पोचलं असं आमच्याकडे कुणी धरत नाही. तेव्हा निरोप मिळालाच नाही असं तुला म्हणता येणार नाही. मला बाबांना तसं म्हणता आलं असतं, पण त्यांनी मला विचारावं अशी वेळच तू येऊ दिली नाहीस.

तुझी नाही, बाबांची,
धाकटी