तिच्या मशीनची झोप

४ मार्च, मंगळवार

घोळ घातला! नोकरीचा दुसराच दिवस. साहेबांचा हुकूम — दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की कंप्युटर झोपला पाहिजे, वीज वाचते. एकेका मशीनवर तसं सेटिंग लावत निघालो. खिडकीपाशी एक मुलगी हेडफोन घालून बसलेली, पडदा काळाठिक्कर. मला वाटलं मशीन झोपलंय. उठवायला बटण दाबलं — सगळंच बंद!

"कोण ते? माझं अख्खं पान गेलं!"

"पडदा काळा होता..."

"मला दिसत नाही. पडदा कुणासाठी चालू ठेवू, तुमच्या करमणुकीला?"

सगळे हसले. कान तापले.

५ मार्च, बुधवार

ती मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करते. मशीन तिला शब्दन् शब्द वाचून दाखवतं. मी हेडफोन कानाला लावून पाहिला — नुसती भुणभुण! ती त्या वेगात चुका पकडते. कमाल आहे बाई! कॉलेजात असं एक जरी माणूस भेटलं असतं तर मधेच सोडून आलो नसतो.

तिच्या पॉवर बटणाला 'काहीही करू नये' असं लावून दिलं. म्हटलं, "आता कुणीही दाबू दे."

"कुणी दाबत नाही हो. तुम्हीच एक."

७ मार्च, शुक्रवार

ताई म्हणते, "जेवण जात नाही, आरशासमोरून हलत नाहीस. कोण आहे?" आरशासमोर! तिच्यासाठी!! मलाच हसू आलं.

१० मार्च, सोमवार

साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, तिचं काम मागे पडतंय. शुक्रवारपर्यंत मुलाखती संपल्या नाहीत तर तिची जागा बंद, काम बाहेर देणार. डोक्यात सणक गेली. पण तिला विचारलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. कारण मीच! ती फोनवर बोलत असली की मशीन झोपतं. उठवलं तर मुकं. मग प्रत्येक वेळी बंद करून पुन्हा चालू करायचं.

"पंखा फिरतोय, म्हणजे ते जागं आहे," ती मशीनच्या डब्यावर तळवा ठेवून म्हणाली. "हेडफोनच उठत नाहीये. बघा तिकडे."

बरोब्बर! वीज वाचवायला मशीन झोपताना हेडफोन जोडायचं पोर्टही बंद करत होतं. सेटिंगमधली ती परवानगी काढली, झोपही काढून टाकली. मशीन बोललं आणि ती हसली. काय हसते!

११ मार्च, मंगळवार

साहेबांना कळलं. "हिच्या एकटीच्या मशीनला झोप का नाही?" मी उसळलो — "तुमच्या त्या वीज वाचवण्याच्या..." पुढचं इथे लिहीत नाही. बाही ओढून तिने मला खाली बसवलं.

"माझं भांडण मला करू दे. तू बस."

तू म्हणाली! मग शांतपणे साहेबांना — "सर, माझा पडदा दिवसभर बंद असतो. तुमचं मशीन पडद्यासकट जेवायच्या सुट्टीतही जागं असतं, मेल आली की वाजतं. वीज कोण जास्त खातं?"

साहेब म्हणाले, "ठीक आहे, राहू द्या तसंच." मी जन्मभर ओरडलो तरी मला हे जमणार नाही. ओरडणं सोडायला हवं.

१४ मार्च, शुक्रवार

संपल्या! सगळ्या मुलाखती, दुपारीच! साहेबांनी स्वतः ताडून पाहिल्या. एक काना इकडचा तिकडे नाही. मनातलं सांगायला तिच्या टेबलापर्यंत गेलो, माऊसची वायर सरळ केली आणि परत आलो. गाढव!

१७ मार्च, सोमवार

इतकं बिनचूक काम पाहून साहेबांनी तिला आमच्या विभागाची प्रमुख केलं. खुर्चीत बसल्याबसल्या तिने पहिलं काम काय केलं, तर मला हिशेब खात्यात पाठवून दिलं! तणतणत गेलो जाब विचारायला. म्हणाली, "ओरडू नकोस. माझ्या हाताखालच्या माणसाबरोबर मी कॉफीला जात नाही. आणि मला जायचंय. सहा वाजता खाली थांब."