नवारीवरचा काप

बाबा, धाकटा परवा येऊन गेला आणि तुमच्या बाजेचा विषय पुन्हा निघाला.

आणीबाणी उठली तो उन्हाळा. मंगरूळपीरच्या आपल्या दुकानात तुम्ही बाज विणताय, मी नवारीची सुती पट्टी ताणून धरलीय, आणि नागपूरहून कॉलेजच्या सुट्टीत आलेला धाकटा सांगतोय की जिवाच्या पेशीत डीएनएच्या अशाच दुपदरी पट्ट्या असतात. तुटलेली पट्टी दुरुस्त होताना कधी दोन पट्ट्यांचा एकेक पदर एकमेकींत जातो, मधे चौरस्त्यासारखा गुंता होतो. नव्या नवारीचे चार पदर घेऊन, दोन-दोनाची एकेक पट्टी धरून, त्यानं तो गुंता करूनही दाखवला.

"मंग हा सुटते कसा?" तुम्ही विचारलंत.

"समोरासमोरच्या दोन पदरांवर सारखे काप. एकच कापला तर लटकूनच राह्यते. असं कापणारं एन्झाइम असनंच, बाबा, सारे शोधून राह्यले. कात्री द्या, दाखवतो."

मी मनात हसलो. आपल्या धंद्यात नवार कापत नाहीत. चुकलं की उसवत मागं जायचं. मी एकदा गाठीला कात्री लावली, तर गिऱ्हाइकांसमोर तुम्ही म्हणालात, "तुले सबुरी नाई, तुह्याच्यानं हे होत नाई." आणि आता तुम्हीच कात्री काढून त्याच्या हातात दिलीत. कोरी नवार! कच्च, कच्च. दोन्ही पट्ट्या मोकळ्या.

"अन् जोडते कोन?"

"ते दुसरं एन्झाइम. ते सापडलं हाय."

"घे, शिव," म्हणून तुकडे तुम्ही माझ्याकडे सरकवलेत. माझ्याकडे पाहिलंही नाहीत.

मी शिवलेली ती नवार तुम्ही स्वतःच्या बाजेला लावलीत, मरेपर्यंत बदलली नाहीत. आल्यागेल्याला दाखवायचात, "माह्या पोरानं कापली." माझे कान तिखट. आतल्या खोलीत थांबून ऐकायचो, पुढे "मोठ्यानं शिवली" येतं का. कधी आलं नाही.

पुढे शेलूबाजारला मी पलंगांचं दुकान टाकलं, चांगलं चाललं. धाकटाही ज्याच्या शोधात होता ते कापणारं एन्झाइम सापडलं, पण दुसऱ्याच कोणाला. धाकट्यानं पडक्या आवाजात सांगितलं तेव्हा मी त्याची समजूत काढली आणि संध्याकाळी घरी पेढे नेले. बायकोनं विचारलं, "काहून?" म्हटलं, सहज.

परवा तो म्हणाला, "दादा, आज बाबाच्या बाजेवर झोपतो."

"नवार सडली रे, पडशीन," म्हणालो, आणि दुकानातला भारी पलंग त्याला मांडून दिला.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, उशीखाली राहील. नवार सडलेली नाही, बाबा. शिवण अजून पक्की आहे. रोज दुपारी मीच झोपतो तिच्यावर.