बाबांना भूल देण्याबद्दल

आईस, टोरांटोहून ग्लेनिसचा गोड पापा.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तू पाठवलेला खारवलेला कॉड मासा अजून पुरतोय. बाबांना जिना चढताना धाप लागते का गं अजून?

मंगळवारी अँब्रोज पार्डी नावाच्या बसचालकाला मी भूल दिली. बाबांचं ठरलंय तेच ऑपरेशन, हृदयावरचं, यंत्राच्या हातांनी. त्यात डावं फुप्फुस मिटवून ठेवतात. मध्येच अँब्रोजचा ऑक्सिजन घसरू लागला. सर्जन डॉक्टर लशान्स कोपऱ्यात बसून यंत्र चालवत होते. मी म्हणाले, "यंत्राचे हात बाहेर काढा, मला फुप्फुस फुगवायचंय."

"दोनच मिनिटं, ग्लेनिस. एवढी काय घाबरतेस?"

घाबरट दिसू नये म्हणून मी गप्प बसले. सहा मिनिटं गेली आणि हृदय थांबलं. आम्ही ते पुन्हा चालू केलं, पण आज शुक्रवार, अँब्रोजनी डोळे उघडलेले नाहीत.

त्यांची बायको रोज विचारायची, "उठतील ना हो?" काल मी तिला ती सहा मिनिटं सांगितली. ती त्यांच्या गार पायांत मोजे चढवत राहिली.

आई, बाबांना इथे आणच, घरी ठेवणं जास्त धोक्याचं आहे. पण भूल लेकच देणार, हा हट्ट त्यांना सोडायला सांग. माझ्या बरोबरीची भूलतज्ज्ञ इनेझ देईल. ती कुणाच्याही अंगावर ओरडते. मला ते जमलं नाही.

हे त्यांना वाचून दाखवू नकोस.

तुझीच,
ग्लेनिस