शर्यतीच्या गाडीवर रतनअक्कांची गोधडी

तुंगार्ली, लोणावळा
रविवार

ती. रतनअक्का यांस,

अजीजुन्निसाचा आधी सलाम, मग नमस्कार. भिमाजीभाऊंनाही दोन्ही, वेगवेगळे. तुमचा गुडघा काय म्हणतो? भात घरात आला असेल. नवी गाय धार काढताना लाथ मारायची थांबली, की अजून भाऊच लांब उभे राहून तिची समजूत घालतात? (अनिता, सासूबाईंना पत्र तूच वाचून दाखवणार म्हणून सांगते: सावकाश वाच. कंसातलं सगळं वाचलंच पाहिजे असं नाही.)

माझं म्हणाल, तर दीड महिन्यापूर्वी तळ्याकाठी फिरायला गेले आणि सपाट रस्त्यावर पडले. खड्डा असता तर लोकांना सांगायला तरी बरं वाटलं असतं. डावा घोटा मोडला, दोन महिने प्लास्टर. एकतीस वर्षं शाळेत मुलांना 'जागेवर बसा' म्हणत आले. स्वतः बसायची वेळ आली तर दुसऱ्याच दिवशी जीव कासावीस. मग माझी नूर (तुमच्या मांडीवर खेळलेली नूर आता नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यात सुपरवायझर आहे, पण घरी आली की टीव्हीवर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळते) कामावर जाताना तो खेळ माझ्या हाती देऊन गेली.

पहिल्या दिवशी मी गाडी समुद्रात घातली. दुसऱ्या दिवशी मागच्याला घाई दिसली म्हणून बाजूला घेऊन उभी राहिले. तर अकराच्या अकरा गाड्या निघून गेल्या, एकानेही हात केला नाही. तिसऱ्या दिवशी मी पहिली आले असं मला वाटलं, पण मी उलट्या दिशेने चालले होते म्हणे.

शर्यत सोडली आणि रंगकामाकडे वळले. या खेळात गाडी रंगवताही येते. चौकोन, त्रिकोण, गोल असे तुकडे घ्यायचे, लहानमोठे करायचे, रंग द्यायचा आणि एकावर एक बसवायचे. लोक वाघ काढतात, ज्वाळा काढतात, आणि झालेलं काम जगभरच्या खेळणाऱ्यांना फुकट वाटतात. ज्याला आवडेल तो ते आपल्या गाडीवर चढवतो आणि एक बदाम देतो. (पत्त्यातला बदाम, अक्का. खायचा नव्हे.) मी ते तुकडे बघितले, मग पायावरची गोधडी बघितली, आणि कामाला लागले.

हो, तीच गोधडी. नूर चार महिन्यांची होती, मी तुमच्या गावी बदलून आले होते आणि शाळेमागच्या खोलीचं दार लागत नव्हतं. तुम्ही आलात, गोधडी पोरीवर टाकलीत आणि म्हणालात, "मास्तरीणबाई, हितली थंडी लय वंगाळ. न्हाई म्हनू नका." मी तोंड उघडेपर्यंत तुम्ही बांध ओलांडून गेलाही होतात. भाऊंच्या फेट्याचा गुलाबी, तुमच्या लुगड्याचा पोपटी, मधे कुणाच्या तरी परकराचा जांभळा. अठरा दिवसांत नऊशे चाळीस तुकडे बसवले. टाकेसुद्धा, बारीक पांढऱ्या रेघांनी, एकेक.

नूरने ती गाडी वाटली आणि आठवड्यात चार हजार बदाम आले! ब्राझीलच्या एका बाईने लिहिलं की तिची आजीही अशीच तुकड्यांची पांघरुणं करायची. फिनलंडच्या एकाने लिहिलं की ही गाडी तो आपटू देत नाही, हळू चालवतो. नूर मला हे वाचून दाखवायची आणि मी फुगायची. दूधवाल्याला सांगितलं, हाडांच्या डॉक्टरांना सांगितलं. मग कुणीतरी साधंच विचारलं, "हे तुम्ही कुणाकडून शिकलात?" आणि मी गाडी पुन्हा उघडून पाहिली. गाडीवर नाव होतं फक्त माझं. त्याच आठवड्यात अनिता फोनवर म्हणाली की तुम्ही सुईदोऱ्याचा डबा माळ्यावर टाकलात, "आता कोन पांगरतंय गोधडी" म्हणून.

मी नूरला म्हटलं, अक्कांचं नाव घाल. ती म्हणाली, "अम्मी, वाटलेल्या गाडीवर नाव बदलत नाही. काढून परत टाकावी लागेल. बदाम सगळे जातील."

"जाऊ देत," मी म्हटलं. (तसं म्हणायला मला दोन दिवस लागले. खोटं कशाला लिहू?)

आता गाडीचं नाव 'रतनबाई, आंदर मावळ' असं आहे. बदाम सात. त्यातला एक नूरचा, एक तिच्या मैत्रिणीचा. पण फिनलंडवाला शोधत शोधत आला आणि विचारू लागला, रतनबाई कोण? मी नूरकडून लिहवून घेतलं, "माझ्या मुलीला थंडीत पांघरूण दिलं, ती." त्याचं उत्तर आलं, त्यांना माझे आभार सांगा.

तेव्हा लक्षात आलं, अक्का, की मी स्वतः ते कधी सांगितलंच नाही. तुम्ही बांध ओलांडून गेलात आणि मधे अठ्ठावीस वर्षं गेली. म्हणून हे पत्र. आभार, अक्का. त्याचे आधी, कारण त्याने आधी मानले; आणि माझे मागून, पण मोठे.

भाऊंना सांभाळा, गायीपासून.

तुमची
अजीजुन्निसा

ता. क. : नूरची पुण्याला बदली झाली आहे आणि गोधडी ती घेऊन जाणार म्हणते. माझी आहे म्हटलं, तर म्हणाली, "अक्कांनी माझ्यावर टाकली होती." मग मीच ती घडी करून ठेवली. विकतचं ब्लँकेट प्लास्टरवरून सारखं घसरतं. मला एक शिवून द्याल का? पोपटी जरा जास्त घाला.

आणखी एक : अनिता, हे मनातल्या मनात वाच. आज आठवा बदाम आला, पण देणाऱ्याने खाली लिहिलंय, "छान आहे, टाके मात्र तिरके." अक्कांना हे कळता कामा नये. मोठ्याने वाचून बसली असशील, तर आता पुढचंही मोठ्याने वाच : अक्का, तुमचे टाके सरळच आहेत. तिरके मी बसवले.