बेसिनमध्ये गेलेली शाई

मंगळवार, संध्याकाळ

आजही बाबांनी भरून दिलेलं शाईपेन मी एरोड्रोमच्या बेसिनमध्ये रिकामं केलं. पहिल्यांदा एकटीने विमान उडवलं तेव्हा त्यांनी हौसेने दिलेलं. पण वर हवेचा दाब कमी झाला की ते गळतं. एकदा टॉवरने सांगितलेली उंचीच कागदावर फिसकटली, पुन्हा विचारावी लागली. तेव्हापासून मी पॅडला दोरीने बांधलेल्या पेन्सिलने लिहिते. पण हे बाबांना सांगू कसं? रोज स्वतः शाई भरतात.

घरी आले तर टेबलावर शाईची नवी बाटली. खास राजवाड्याच्या बाजारात जाऊन आणलेली.

"बेटा, तू इतकं लिहिते ना, जुनी खतमच झाली," बाबा खुशीत म्हणाले.

आणि मी काय केलं? पेन काढून त्यांच्यापुढे धरलं. भरायला.