वार लिहिला, तिथी नाही

रविवार, पौर्णिमा

अशक्तपणावर डाएटवाल्या बाईंनी तक्ता दिलाय. रविवारी उकडलेली चिंबोरी, म्हणजे खेकडा. प्रोटीन भरपूर, चरबी कमी. वार लिहिला, तिथी नाही.

सकाळीच सासूबाई म्हणाल्या, "पुनवेची चिंबोरी पोकळ असते गं. आमी नाय आणत." मी शाळेत विज्ञान शिकवते, मी कशाला ऐकतेय? कर्जतच्या बाजारातून चार आणल्या, मिठाच्या पाण्यात उकडल्या, फोडल्या. चारही पोकळ, आत नुसतं पाणी. आता प्रोटीनसाठी कवचं चघळू? तिथी लिहायला काय झालं होतं त्या बाईंना?

सासूबाईंनी माझ्या ताटात गुपचूप दोन उकडलेली अंडी ठेवली. अंडी गार होती. म्हणजे मी बाजारात गेले तेव्हाच उकडून ठेवली होती.