ऑइलचा लाल दिवा

१ डिसें., सोमवार
पाचला निघालो. सुमनचं डायलिसिस सातला. सोमवार-गुरुवार, दीड वर्ष झालं. बाभुळगाव ते यवतमाळ, यवतमाळ ते बाभुळगाव. परत निघताना दवाखान्याच्या फाटकाशी गाडी सुरू केली तर मागून निळा धूर. वॉचमन नाक दाबून बाजूला झाला. "काका, फवारणी करून राह्यले का?" मला हसू आलं नाही. तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात इंजिनं उघडली, आणि बायकोला न्यायची गाडी अशी.
१,८७,००० किमी. महिन्याला अर्धा लिटर ऑइल पिते.

२ डिसें.
ऑइल बदललं, घरीच. पुस्तकात दहा-तीस लिहिलंय, म्हणजे पातळ. पुस्तक नव्या गाडीसाठी असतं. म्हाताऱ्या इंजिनाच्या फटी वाढलेल्या, पातळ ऑइल त्यात टिकत नाही. वीस-पन्नास भरलं. बसला आम्ही जाडच भरत होतो. दुकानदार म्हणाला, "थंडीत लई जाड होईन हे." तुझं वय काय, मनात म्हटलं. असलमला विचारलंच नाही. माझ्या हाताखाली शिकला, आता स्वतःचं गॅरेज आहे, आणि मोबाइलमध्ये बघून ऑइल ठरवतो.

४ डिसें., गुरु.
धूर नाही. वॉचमनसमोर मुद्दाम दोनदा रेस केली. सकाळी सुरू करताना इंजिनातले टॅपेट जरा वाजले, थंडी आहे म्हणून. सु. ओठ हलवत बसली होती. हल्ली गाडी सुरू होताना नामजप करते. करू दे.
परतीला तिला उलटी झाली. पिशवी होती जवळ. मागच्या वर्षी बसमध्ये, भर गर्दीत चक्कर येऊन पडली, तेव्हापासून बस बंद. ही गाडी बसली तर...

८ डिसें., सोम.
थंडी वाढली, वाजणंही वाढलं. ऑइलचा लाल दिवा उशिरा विझतोय. दाब यायला वेळ लागतो, समजतं मला.
"आज राहू द्या नं. एकच दिवस," सु. म्हणाली. मी खेकसलो. थकलोय. पण तिच्यावर कशाला खेकसायचं.

११ डिसें., गुरु.
सकाळी गाडी सुरू केली तर सु. म्हणाली, "नऊ."
काय नऊ?
"तो लाल दिवा. मांगल्या गुरुवारी चार मोजले होते. सोमवारी सात. आज नऊ झाले."
नामजप नव्हता तो. मी म्हणालो, तुले काय समजते त्यातलं.
"मले मशीनपाशी चार-चार घंटे दिवेच पाहा लागते," म्हणाली.
तिला घरी सोडून गाडी असलमकडे नेली. त्यानं ऑइलची पट्टी काढली, बोटावर चोळली. "उस्ताद, बसचं इंजिन केवढं, याचं केवढं. याच्या वाटा बारीक. पहाटे पाचच्या थंडीत हे मधासारखं होते. वर चढेपर्यंत इंजिनातला कॅम सुकाच फिरते, घासते. धूर बंद झाला म्हणून दुखणं गेलं असं नसते, तुमीच शिकवलं."
शिकवलं होतं खरं.
ऑइल काढलं. पांढऱ्या फडक्यावर पसरून त्यानं उन्हात धरलं. चकाकी. धातूची. "पयलेपासूनच झिजलं असन. या दहा दिवसांत वाढलं," एवढंच म्हणाला. दहा-चाळीस भरलं, जुन्या इंजिनासाठी मधलं. धूर थोडा येईल, दर आठवड्याला पट्टी पाहायची. "पण इंजिन खोला लागते, उस्ताद. आठ दिवस सोडा माझ्यापाशी."
कोणते आठ दिवस? प्रत्येक आठवड्यात सोमवार आहे, गुरुवार आहे.

१५ डिसें., सोम.
दिवा दोनवर विझला. तिनं मोजलं, मीही मोजलं. धूर आहे, थोडा. वॉचमन पाहत होता. पाहू दे.
डॉक्टरांनी तिचा रिपोर्ट पाहिला आणि "ठीक आहे" म्हणाले. फाइलकडे बघूनच.

१६ डिसें.
दुपारी अंगणात सु. तुरीच्या शेंगा सोलत होती. "असलमनं ऑइल काढलं, त्यात काय निघालं?"
म्हणालो, काळं होतं. जुनं ऑइल काळंच राह्यते.
"डॉक्टरबी मले असंच सांगते." वर बघितलंही नाही.
मग सांगितलं सगळं. चकाकी, कॅम, आठ दिवस. माझ्या हातानंच झालं, हेही. वर्कशॉपात असं कधी कोणापुढे कबूल केलं नव्हतं. ती रागावली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.
"मंग खोलू द्या त्याले. दोन खेपा बसनं जाऊ."
"अन् चक्कर आली तर?"
"तुमी बाजूले बसा."
उघडल्यावर काय निघेल ते असलमलाही ठाऊक नाही. आठाचे पंधरा दिवस होऊ शकतात. दोन खेपांच्या चार होतील. तिला झेपेल का, माहीत नाही.
तीस वर्षं एसटीत काढली, आणि पहाटेची पहिली बस हल्ली कितीला सुटते ते मला ठाऊक नाही. उद्या स्टँडवर विचारून येतो. तिला खिडकीची जागा मिळेल का, तेही.